मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का? मराठी टाइप करणाऱ्याच्या करंगळीचा हिशोब

काही वर्षांपूर्वीपर्यंत मेकॅनिकल कीबोर्ड म्हटलं की सात-आठ हजारांच्या पुढचा मामला असायचा. आता ऑनलाइन सेलमध्ये दीड-दोन हजारांत मिळतो, वर रंगीबेरंगी दिवे फुकट. साहजिकच प्रश्न वाढलेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं विचारतात, याने स्पीड वाढतो का? डीटीपीवाले विचारतात, हात दुखायचा थांबतो का? कर सल्लागाराच्या ऑफिसातले लोक विचारतात, टिकतो किती?

याची उत्तरं यूट्यूबवर ढिगाने आहेत. अडचण अशी की ती जवळपास सगळी इंग्रजी टायपिंग किंवा गेमिंग डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत. मराठी टाइप करताना बोटांवर पडणारा भार इंग्रजीपेक्षा बराच वेगळा असतो, आणि त्यामुळे कुठला कीबोर्ड बरा याचं उत्तरही बदलतं. मी रोजचं सगळं लिखाण इनस्क्रिप्टने करतो. निळे, तपकिरी, लाल असे तिन्ही प्रकारचे स्विच वापरून झालेत, त्यामुळे हे जरा सविस्तरच लिहितो.

आधी आतलं यंत्र बघू

आपल्या ऑफिसांत असतो तो पाच-सहाशे रुपयांचा कीबोर्ड मेम्ब्रेन प्रकारचा. आत प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या रेषा छापलेल्या, मधल्याला भोकं. बटणाखाली रबराची छोटी टोपी असते. बटण दाबलं की टोपी चेपते, वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं. म्हणजे अक्षर उमटायला बटण जवळजवळ तळापर्यंत न्यावंच लागतं.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो: एक स्प्रिंग, एक प्लास्टिकचा दांडा आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडा खाली गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात. सर्वसाधारण स्विचचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा, आणि अक्षर उमटतं साधारण २ मिलिमीटरवर. म्हणजे अर्ध्या वाटेतच काम झालेलं असतं.

रंगांचं प्रकरण जर्मनीच्या चेरी कंपनीमुळे सुरू झालं. त्यांच्या एमएक्स स्विचमध्ये लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, मध्ये कुठलीही अडखळ नाही. तपकिरीत वाटेत बोटाला हलकासा उंचवटा जाणवतो. निळ्यात उंचवटाही आहे आणि 'टिक' असा स्पष्ट आवाजही. चेरीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो, निळ्याचा उंचवटा ओलांडायला ६० च्या आसपास. हे चेरीचे आकडे, बरं का. बाकीच्या कंपन्यांचा 'लाल' ३५ चाही असतो आणि ५० चाही. रंग म्हणजे काही आयएसआयचा शिक्का नाही, त्यामुळे बॉक्सवरचा ग्रॅमचा आकडा वाचल्याशिवाय नुसत्या रंगावर जाऊ नका.

स्वस्ताईचं कारणही इथेच आहे. चेरीच्या या रचनेचं पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं आणि चीनमधल्या गॅटेरॉन, काइल्ह, आउटेमु अशा कंपन्यांना मैदान मोकळं मिळालं. सुरुवातीला लोक त्यांना नक्कल म्हणून हिणवायचे. आज त्यातल्या काहींचे स्विच चेरीपेक्षा मऊ चालतात हे शौकीनसुद्धा मान्य करतात. २०२५ मध्ये तर चेरीनेच जर्मनीतल्या आउअरबाखमधलं आपलं स्विचचं उत्पादन बंद करून ते बाहेर हलवायचं ठरवलं. ज्या कारखान्याच्या नावावर 'जर्मन इंजिनिअरिंग' म्हणून जादा पैसे मोजले जायचे, तिथली ही गत. तेव्हा 'जर्मन स्विच' म्हणून कुणी दुप्पट किंमत सांगत असेल तर जरा थांबा.

हे आपल्याकडे नवं नाहीच

मेकॅनिकल कीबोर्ड गेम खेळणाऱ्या पोरांनी भारतात आणला असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'टीव्हीएस गोल्ड' आठवतोय? पांढरट रंगाचा, जाडजूड, विटेसारखा वजनदार. टॅलीवर हिशेब ठेवणारी दुकानं, सीएची ऑफिसं, तिकीट खिडक्या, डीटीपी सेंटर, सगळीकडे त्याची टकटक ऐकू यायची आणि अजूनही येते. त्यात चेरीचे निळे स्विच असायचे. म्हणजे आज ज्याला 'क्लिकी मेकॅनिकल' म्हणून रील बनवून दाखवतात, त्यावर आपले अकाउंटंट काका कितीतरी वर्षं व्हाउचर मारतायत. त्यांना फक्त ते नाव माहीत नव्हतं.

काउंटरवर तो टिकला यामागे कारण आहे. रांगेतल्या माणसाकडे बघत आकडे मारायचे असतात, स्क्रीनकडे सारखं बघता येत नाही. बटण लागलं की नाही हे बोटाला आणि कानाला कळलं पाहिजे. आणि टाइपरायटरवर हात बसलेल्या पिढीला तो आवाज ओळखीचाच होता. गोदरेजने १९५५ मध्ये देशातला पहिला टाइपरायटर बनवला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. त्या यंत्रावर शिकलेले लोक मेम्ब्रेनवर आले तेव्हा 'हे बटण लागतंय की नाही तेच समजत नाही' ही तक्रार सर्रास ऐकू यायची. टीव्हीएस गोल्डने ती तक्रार मिटवली.

स्पीड वाढतो का?

सरळ सांगतो: परीक्षेपुरता बघितलं तर नाही.

आकडे बघा. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही आपल्याकडची अट. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीएचएसएलला हिंदीसाठी ३०, इंग्रजीसाठी ३५, आणि ते त्याचं माप तासाला ९,००० आणि १०,५०० की डिप्रेशन असं देतात. ९,००० भागिले ३,६०० म्हणजे सेकंदाला अडीच वेळा बटण दाबणं. दोन दाबांमध्ये ४०० मिलिसेकंद. आणि बॉक्सवर काय लिहिलेलं असतं? 'वन मिलिसेकंद रिस्पॉन्स'. चारशेच्या हिशोबात त्या एकाला काही अर्थ नाही. साध्यातला साधा मेम्ब्रेनसुद्धा या वेगाला कधी आडवा येत नाही.

वेग ठरतो तो बोटांच्या सवयीवर. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने केंब्रिजच्या संशोधकांबरोबर २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार लोकांच्या १३ कोटी ६० लाख की-दाबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी टायपिंगचा सरासरी वेग निघाला ५२ शब्द. त्यात रंजक निष्कर्ष असा होता की वेगवान माणसं आधीचं बटण सोडण्याआधीच पुढचं दाबतात. पायऱ्या उतरताना एक पाय पूर्ण टेकण्याआधी दुसरा उचलतो ना, तसं. ही गोष्ट सरावाने येते, बाजारात मिळत नाही.

इथे मेकॅनिकलची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. एकाच वेळी तीन-चार बटणं दाबली गेली तर स्वस्त मेम्ब्रेनचा कधीकधी गोंधळ उडतो. आतल्या तारांच्या जाळीत कुठलं बटण दाबलंय हे त्याला नक्की ठरवता येत नाही, मग एखादं अक्षर गळतं. चांगल्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला डायोड असतो, त्यामुळे ही भानगड होत नाही. मिनिटाला सत्तर-ऐंशी शब्दांनी पळणाऱ्या माणसाला हा फरक जाणवू शकतो. तीस शब्दांच्या परीक्षार्थीला नाही.

परीक्षार्थींसाठी खरा धोका वेगळाच आहे. बहुतेक केंद्रांवर केंद्राचाच कीबोर्ड वापरावा लागतो, आणि तो कसा असतो हे कुणाला सांगायला नको. घरी सहा महिने मऊ मेकॅनिकलवर हात बसवला आणि परीक्षेत अर्धी बटणं कडक झालेला मेम्ब्रेन समोर आला, तर पहिली दोन-तीन मिनिटं हात चाचपडतात. दहा मिनिटांच्या परीक्षेत ती दोन-तीन मिनिटं म्हणजे नोकरी असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: परीक्षेसाठी तयारी करत असाल तर मेकॅनिकलवर पैसे घालू नका. आणि आधीच घेतला असेल तर शेवटचे दोन महिने तो कपाटात ठेवा आणि क्लासमधल्या सगळ्यात वाईट कीबोर्डवर सराव करा.

आता करंगळीकडे येऊ

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इंग्रजी परीक्षणांत तो सापडणं शक्यच नाही.

इंग्रजी टाइप करताना उजव्या करंगळीला काम किती? 'पी' हे एक अक्षर, बाकी विरामचिन्हं, एंटर, बॅकस्पेस. आता इनस्क्रिप्ट बघा. 'पी'च्या जागी ज, त्याशेजारच्या चौकटी कंसावर ड, अर्धविरामाच्या जागी च, अवतरणचिन्हाच्या जागी ट, तिरप्या रेघेच्या जागी य. ज, ड, च, ट, य ही पाचही अक्षरं एकट्या उजव्या करंगळीच्या वाट्याला! शिवाय शिफ्टसोबत झ, ढ, छ, ठ. शिवाय 'डॉक्टर' मधल्या 'डॉ'ची अर्धचंद्राची मात्रा उलट्या तिरप्या रेघेवर, तीही तिचीच. मराठीत 'च' आणि 'य' वाचून पान हलत नाही: चा, ची, चे, च्या, साठीच्या, करण्याच्या. 'च्या' टाइप करताना तर करंगळी च वर जाते, मग डावा हात हलन्त देतो, तोवर तीच करंगळी खाली य वर धावते.

आणि शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सगळी महाप्राण अक्षरं शिफ्टने येतात. ण, श, ष, ळ हीसुद्धा. शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, उ, ए, ओ पण शिफ्टनेच. 'आणि' सारखा सतत लागणारा शब्द घ्या: तीन दाब, त्यातले दोन शिफ्टसह. 'शिक्षण' मध्ये श, क्ष, ण असा तीनदा शिफ्ट. 'शासनाने शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी' या चार शब्दांत मी मोजले, आठ वेळा शिफ्ट दाबावा लागतो. इंग्रजीत पूर्ण वाक्याला सुरुवातीला एकदा.

रेमिंग्टन मांडणीवाल्यांची अक्षरांची जागा वेगळी आहे, पण शिफ्टपासून सुटका त्यांचीही नाही. फोनेटिक पद्धतीने लिहिणाऱ्यांना शिफ्ट कमी लागतो, मात्र बदल्यात एकूण दाब वाढतात.

हाताच्या पाच बोटांत करंगळी सगळ्यात अशक्त, आणि मराठी टायपिंग तिलाच हमाली लावतं. मग ६० ग्रॅमचा निळा स्विच इंग्रजी लिहिणाऱ्याला 'मजा येते' वाटतो, तोच मराठी लिहिणाऱ्याला संध्याकाळी तळहाताच्या बाहेरच्या कडेला जाणवतो. माझा अनुभव तरी असाच आहे. निळ्यावर इंग्रजी लिहिताना छान वाटायचं, मराठीची आठ-दहा पानं झाली की करंगळी जड व्हायची. आता ४५ ग्रॅमचा लाल वापरतो. त्याला 'टकटक'ची मजा नाही, पण हात शांत राहतो.

यावर मेकॅनिकलकडे एक खरोखर चांगला उपाय आहे आणि तो स्विचपेक्षा मोठा आहे. बऱ्याच मेकॅनिकल कीबोर्डांत क्यूएमके किंवा व्हाया नावाची मुक्त प्रणाली चालते. तिने कुठल्याही बटणाचं काम बदलता येतं आणि ते बदल कीबोर्डच्याच मेमरीत राहतात, त्यामुळे ऑफिसच्या संगणकावर काही टाकायची गरज पडत नाही. यात 'वन शॉट शिफ्ट' म्हणून एक सोय आहे. शिफ्ट धरून ठेवायचा नाही, एकदा टिचकी मारून सोडायचा, पुढचं अक्षर आपोआप शिफ्टचं येतं. ती टिचकी करंगळीकडून काढून अंगठ्याजवळच्या ऑल्टच्या बटणाला दिली की करंगळीचा निम्मा जाच संपतो. हात बसायला आठ-दहा दिवस जातात. सुरुवातीला 'भारत'चा 'बारत' आणि 'धन'चं 'दन' होतं, घरच्यांची करमणूक होते. पण बसतो. विकत घेताना बॉक्सवर व्हायाचा उल्लेख आहे का ते बघा. दिव्यांपेक्षा ते जास्त कामाचं.

आणि यातली अर्धी गोष्ट फुकट मिळते हेही सांगायला हवं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, त्यात स्टिकी कीज. हे चालू केलं की पाचशे रुपयांच्या मेम्ब्रेनवरसुद्धा शिफ्ट टिचकी मारून सोडता येतो. शिफ्ट चुकून पाच वेळा दाबला की जी खिडकी उघडते आणि जिच्यावर आपण वैतागतो, तीच ही सोय. करंगळी दुखणाऱ्या माणसाने दोन हजार खर्च करायच्या आधी आठवडाभर हे करून बघावं. त्याने भागलं तर कीबोर्ड घ्यायची गरजच नाही.

हात दुखणं थांबतं का?

जाहिरातीतला दावा असा असतो की मेकॅनिकलला अर्ध्या वाटेत अक्षर उमटतं, म्हणून बोट तळावर आपटत नाही, म्हणून हाताला आराम. तर्क बरोबर, माणसं वेगळी. जवळपास सगळेच लोक बटण तळापर्यंत आपटतात, कारण सवय तीच आहे. टायपिस्ट लोक गरजेपेक्षा दुपटीहून जास्त जोर लावतात हे नव्वदच्या दशकातल्या मोजमापांतच दिसून आलं होतं. स्विच बदलल्याने हात लगेच हलका होत नाही.

एक तोटा तर सरळ दिसतो: उंची. लॅपटॉपचा किंवा पातळ मेम्ब्रेनचा कीबोर्ड टेबलाला चिकटून असतो. मेकॅनिकलची पुढची कडच पाऊण इंचाच्या आसपास उंच असू शकते. त्यावर मागचे पाय उघडले की मनगट वरच्या बाजूला मोडतं आणि तासन् तास तसंच राहतं. मनगटातल्या नसेवर ताण येणाऱ्यांसाठी ही सगळ्यात वाईट स्थिती. तेव्हा मागचे पाय बंद ठेवा, आणि समोर मनगटाला टेकायला काही नसेल तर जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी चालते. टेबल उंच असेल, आणि आपल्या घरातली डायनिंग टेबलं हमखास उंचच असतात, तर खुर्चीवर उशी घेणं हे कुठल्याही स्विचपेक्षा जास्त उपयोगी. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर कीबोर्डचं दुकान नको, डॉक्टर गाठा.

टिकाऊपणाचं गणित

मेम्ब्रेनचं आयुष्य साधारण ५० लाख ते १ कोटी दाब असं सांगतात, मेकॅनिकल स्विचचं ५ कोटी आणि पुढे. प्रत्येक बटणामागे. ऐकायला जबरदस्त. आता रोज चार तास, तासाला ९,००० दाब असं टाइप करणारा माणूस धरू. वर्षाचे ३०० दिवस पकडले तर १ कोटी ८ लाख दाब झाले. त्यातला एक षष्ठांश भाग स्पेसबारचा धरला तर वर्षाला १८ लाख. म्हणजे मेम्ब्रेनचा स्पेसबार तीन ते साडेपाच वर्षांत थकणार, मेकॅनिकलचा पंचवीस वर्षांच्या पुढे जाणार.

पण पाचशेचा मेम्ब्रेन तीन वर्षं टिकला तर अडीच हजारांच्या मेकॅनिकलच्या पैशांत पंधरा वर्षं निघतात. आणि दिवसाला तासभर टाइप करणाऱ्याचा मेम्ब्रेन तर त्याच्या चौपट टिकेल. निव्वळ पैशांच्या हिशोबात, घरगुती वापरासाठी, टिकाऊपणाचा मुद्दा लंगडा आहे. तो खरा ठरतो काउंटरवर, जिथे दिवसाचे आठ तास आकडे मारले जातात.

शिवाय कीबोर्ड मरतात ते बहुधा दाबांनी नाही. वायर मुळाशी तुटते, यूएसबीची पिन सैल होते, आणि चहा सांडतो. मेम्ब्रेनचे पापुद्रे बऱ्यापैकी बंद असतात, खाली पाणी निघायला भोकं असतात. मेकॅनिकलमध्ये साखरेचा चहा सरळ स्विचच्या पोटात जातो. कोकणपट्टीतल्या दमट हवेत आणखी एक त्रास: धातूच्या पट्ट्यांवर हळूहळू थर बसतो आणि एका दाबाला अक्षर दोनदा उमटायला लागतं. इंग्रजीत एक अक्षर जास्त दिसतं, एवढंच. मराठीत काना दोनदा पडला की 'काा' होतं आणि मध्ये ते ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. कितीतरी जणांना वाटतं फॉन्ट बिघडला, मग ते फॉन्ट काढून परत टाकत बसतात. आधी नोटपॅड उघडून तेच बटण वीस वेळा हळू दाबा. वीसऐवजी बावीस अक्षरं आली तर दोष स्विचचा.

आणि इथेच मेकॅनिकलचा मला सगळ्यात पटणारा फायदा आहे: तो दुरुस्त होतो. मेम्ब्रेनचं एक बटण गेलं की अख्खा कीबोर्ड कचऱ्यात. मेकॅनिकलचा एक स्विच वीस-तीस रुपयांना मिळतो. 'हॉट स्वॅप' प्रकारचा असेल तर चिमट्याने जुना उपटून नवा दाबून बसवायचा, दोन मिनिटांचं काम. तसा नसला तरी कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला दोन टाके सोडवून दोन टाके मारून देतो. त्याला मेकॅनिकल कीबोर्ड माहीत असायची गरज नाही, सोल्डरिंग माहीत असलं की झालं. दरवर्षी डझनभर कीबोर्ड भंगारात घालणाऱ्या ऑफिसांनी तरी हा हिशोब करावा.

आवाज

निळा स्विच घेऊन घरात रात्री काम करता येत नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला पाऊस पडतोय असं वाटतं. मीटिंगमध्ये माइक चालू ठेवून टाइप केलं तर समोरचा पहिली पाच मिनिटं तुमचा आवाजच ऐकत नाही. लाल किंवा तपकिरीत 'टिक' नसते, पण तळावर आपटण्याचा आवाज राहतोच. त्यात सायलेंट म्हणून विकले जाणारे स्विच असतात, ते बरे.

आवाजातून आणखी एक प्रश्न निघतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी दाखवलं की शेजारी ठेवलेल्या फोनने टायपिंगचा आवाज रेकॉर्ड करून कुठली बटणं दाबली हे ९५ टक्के अचूकतेने ओळखता येतं. झूम कॉलवरच्या आवाजावरून ९३ टक्के. प्रयोग लॅपटॉपच्या मऊ बटणांवर होता, मेकॅनिकलवर नव्हता, आणि तोही एकाच लॅपटॉपवर शिकवलेल्या प्रणालीचा. घाबरून जायचं कारण नाही. पण कॉल चालू असताना बँकेचा पासवर्ड टाइप करू नये, एवढं पाळायला काही खर्च येत नाही.

नवीन काय चाललंय, आणि ते आपल्या कामाचं आहे का

सध्या हवा आहे चुंबकीय स्विचची, म्हणजे हॉल इफेक्ट. यात पट्ट्या एकमेकींना टेकतच नाहीत, दांड्यातल्या चुंबकाचं अंतर सेन्सर मोजतो. झिजायला काही नाही, थर बसायला काही नाही. गेमर लोकांनी तो डोक्यावर घेतलाय, इतका की त्यातल्या काही आपोआप चालणाऱ्या सोयींवर व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बंदी घातली. टाइप करणाऱ्याला त्या सोयींचा उपयोग शून्य. मात्र एक गोष्ट कामाची आहे: बटण किती खोल गेल्यावर अक्षर उमटावं हे प्रत्येक बटणासाठी वेगळं ठरवता येतं. च, ज, ट, य आणि शिफ्ट ही बटणं सव्वा मिलिमीटरवर आणि बाकीची दोनवर, असं करता येईल. दमट हवेत तर हा प्रकार जास्त टिकावा. किंमत अजून चढी आहे, म्हणून मी थांबलोय.

दुसरी हवा छोट्या कीबोर्डांची. ६० टक्के, ६५ टक्के म्हणून जे मिळतात त्यात उजवीकडचे आकडे नसतात. टॅलीवाल्यांनी त्यांच्याकडे बघूसुद्धा नये. त्याहून लहान, ४० टक्के वाले दिसतात गोंडस, पण त्यांना आकड्यांची ओळच नसते. इनस्क्रिप्टमध्ये क्ष, ज्ञ, त्र, श्र त्याच ओळीत शिफ्टखाली आहेत. मराठीसाठी ते बाद.

देवनागरी अक्षरं छापलेला मेकॅनिकल कीबोर्ड दुकानात सहज मिळत नाही, स्टिकरवर भागवावं लागतं. प्रकाश आरपार जाणाऱ्या बटणांवर स्टिकर लावला की दिवा झाकला जातो, म्हणजे दिव्यांचे पैसे वाया. बटणांचा वरचा भाग खोलगट असेल तर स्टिकरच्या कडा महिन्याभरात सुटतात. न बघता टाइप करायला शिकणं हाच त्यावरचा इलाज. त्यासाठी मेकॅनिकल लागत नाही.

मग घ्यायचा कुणी? रोज तीन-चार तास मराठीत लिहिणारे, भाषांतरकार, वार्ताहर, डीटीपीवाले, वकिलांकडचे टायपिस्ट, यांनी जरूर घ्यावा. ४५ ग्रॅम किंवा त्याहून हलका, व्हाया चालणारा, हॉट स्वॅप असलेला, पूर्ण आकाराचा किंवा फक्त आकडे वगळलेला. काउंटरवर आकडे मारणाऱ्यांना निळा चालेल. परीक्षार्थींनी नको. फोनवर बोलून टाइप करणाऱ्यांना, आणि आपल्यातले बहुतेक आता तेच आहेत, काहीच नको.

शक्यतो दुकानात जाऊन घ्या, आणि तिथल्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट चालू करून 'ज्येष्ठ' आणि 'यथेच्छ' हे दोन शब्द वीस-वीस वेळा टाइप करून बघा. 'ज्येष्ठ' मध्ये उजवी करंगळी ज, य, ठ अशी वरच्या, खालच्या आणि मधल्या ओळीत फिरते, डावी दोनदा शिफ्टवर जाते. 'यथेच्छ' मध्ये य, च, छ पुन्हा तिच्याकडेच. विसाव्या वेळी हात पहिल्यासारखाच चालत असेल तर कीबोर्ड तुमचा. दुकानदार बॉक्स उघडू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.